उलटणारी म्हैस आणि न तपासलेला रेडा

मानखुर्द आणि गोवंडीच्या शेजारी, देवनारला, मुंबई महापालिकेचा कत्तलखाना १९७१ पासून आहे. गोवंशहत्याबंदीचा कायदा २०१५ मध्ये कडक झाल्यापासून मोठ्या जनावरांपैकी म्हशी आणि रेडेच तिथे येतात. रेड्याकडे बघण्याची व्यापाऱ्याची नजर ठरलेली असते. छाती किती भरलेली, पुठ्ठे कसे, अंगावर मांस किती निघेल. मांसाच्या बाजारात ही नजर योग्यच आहे. तीच नजर घेऊन गोठ्यासाठी वळू निवडायला गेलेला माणूस मात्र फसतो, कारण वळूची खरी किंमत डोळ्यांना दिसतच नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली, हजार पटींनी मोठी केल्यावर दिसते.

मुंबईच्या तबेल्यांचा हिशेब पहिल्यापासून कठोर आहे. गुजरात, हरियाणातून चांगली दुभती म्हैस आणायची, वेत संपेपर्यंत दूध काढायचे आणि ती पुन्हा गाभण राहिली नाही तर भाकड म्हैस पोसत बसायचे नाही. शहरात चारा महाग, जागा त्याहून महाग. दर्जेदार म्हशींची ही नासाडी थांबावी आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, या विचाराने दारा खुरोडी यांच्या पुढाकारातून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहू लागली. तरीही न फळलेल्या म्हशीची वाट शेवटी कुठे जाते, हे तबेल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ नुसार म्हैस कत्तलीला नेण्यापूर्वी ती दुधाला किंवा पैदाशीला किफायतशीर राहिलेली नाही, असे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी म्हशीची तपासणी होते. तिच्यावर जो रेडा सोडला, त्याची तपासणी कोणी केली होती का, हे कायदा विचारत नाही. मालकही बहुधा विचारत नाही.

गावाकडे चित्र फार वेगळे नाही. गाय माजावर आली, वळू दाखवला, एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर आली. पुन्हा वळू, पुन्हा माज. 'गाय उलटते' असे म्हणून तिला औषधे सुरू होतात, गर्भाशय धुतले जाते, खनिज मिश्रण चारले जाते, आणि तरीही राहिली नाही तर ती बाजारात जाते. या सगळ्या काळात वळू बिनघोर असतो. त्याला माज कळतो, तो उडी मारतो, रेत सोडतो. मग दोष त्याचा कसा असेल? पशुप्रजननशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले आहे. उडी मारणारा वळू आणि गाभ ठेवणारा वळू या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

वांझ वळूपेक्षा अर्धवट वळू घातक

पूर्ण वांझ वळू लवकर उघडा पडतो. दोन-तीन महिन्यांत एकही गाय राहत नाही, तेव्हा कोणाच्याही लक्षात येते. धोका असतो तो कमी प्रजननक्षमतेच्या वळूचा. त्याच्यापासून दहापैकी तीन-चार गाई राहतात, म्हणून त्याच्यावर संशय येत नाही. उरलेल्या सहा-सात गाई 'वाईट' ठरतात. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. तीन माज हुकले की दोन महिने गेले. त्या काळातला चारा, पेंड, मजुरी आणि पुढे ढकललेले दूध यांचा बोजा पशुपालकाच्या माथी बसतो.

देशातल्या प्रजननक्षम गाई-म्हशींपैकी सुमारे एक तृतीयांश जनावरांपर्यंतच कृत्रिम रेतन पोचले आहे, असे सरकारी आकडे सांगतात. उरलेल्या दोन तृतीयांश गाई-म्हशी आजही गावातल्या, तबेल्यातल्या किंवा रानात मोकळ्या फिरणाऱ्या वळूकडूनच फळतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि ५६ लाख म्हशी आहेत. एवढ्या मोठ्या पशुधनाच्या पुढच्या पिढीचे अर्धे बीज ज्यांच्याकडून येते, ते वळू बहुतेक ठिकाणी कधीच तपासले जात नाहीत.

वळूवर लक्ष ठेवायला हवे, हे सरकारला फार पूर्वी पटले होते. त्या वेळच्या मुंबई प्रांतात १९३३ मध्ये पशुधन सुधारणेचा कायदा झाला. ज्या भागाला तो लागू केला जाई, तिथे वळू पाळायला परवाना लागे आणि सदोष किंवा रोगट वळूचे खच्चीकरण करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना होता. पण दोष ठरे तो मुख्यतः अंगलट आणि रोग पाहून. रेताची काच कोणी पाहत नव्हते.

काचेवरचे शंभर शुक्राणू

वळूची प्रजननक्षमता तपासणी म्हणजे नुसती रेताची तपासणी नव्हे. ती वळूच्या पायांपासून सुरू होते. मागच्या पायाचा सांधा दुखणारा वळू उडी मारणार नाही. डोळ्यांत फूल पडलेल्या वळूला माजावरची गाय दिसणार नाही. खूर, दात, अंगावरचे मांस, शिश्न आणि त्यावरचे आवरण हे सगळे पाहिले जाते. मग पशुवैद्यक अंडकोष हाताने चाचपतात. दोन्ही वृषणे सारखी, घट्ट पण लवचीक लागली पाहिजेत. एक लहान, एक मोठे, किंवा दगडासारखे कठीण असेल तर धोक्याची खूण. अंडकोषाचा सर्वांत रुंद भाग टेपने मोजतात, कारण वृषणाचा आकार आणि रोज तयार होणाऱ्या शुक्राणूंची संख्या यांचे नाते थेट आहे. अमेरिकेतल्या पशुप्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेने घालून दिलेल्या मापानुसार पंधरा महिन्यांपर्यंतच्या वळूला किमान ३० सेंटिमीटर आणि दोन वर्षांपुढच्या वळूला किमान ३४ सेंटिमीटर घेर हवा. हे माप परदेशी जातींवर बेतलेले आहे. आपले खिलार, देवणी, डांगी वळू उशिरा वयात येतात आणि रेड्यांचा अंडकोष मुळातच लहान असतो. त्यामुळे तोच आकडा आपल्या गोठ्यात जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरेल. जातीनुसार आणि वयानुसार तुलना करावी लागते.

यानंतर रेत. वीर्यकेंद्रात ते कृत्रिम योनीत घेतात. एक जनावर खोड्यात उभे करतात, वळू त्यावर उडी मारतो आणि कोमट पाण्याने ऊब राखलेल्या रबरी नळीत रेत जमा होते. शिकवण नसलेल्या वळूसाठी विजेच्या सौम्य धक्क्याचे उपकरण वापरावे लागते. गाईच्या वळूचे एका वेळचे रेत साधारण पाच ते आठ मिलिलिटर असते, रेड्याचे त्याहून कमी. रंग दुधाळ किंवा साईसारखा हवा. लालसर असेल तर रक्त, पिवळसर आणि उग्र वासाचे असेल तर मूत्र मिसळल्याची शंका. काही वळूंचे रेत मुळातच पिवळसर असते, त्यात काही बिघाड नसतो.

मग एक थेंब ३७ अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचेवर. चांगल्या रेतात शुक्राणूंच्या झुंडी भोवऱ्यासारख्या घुमताना दिसतात. रेत पातळ करून पाहिले की शंभरातले किती सरळ पुढे पोहतात हे कळते.

इथपर्यंतची तपासणी बहुतेकांना माहीत असते, आणि पुष्कळदा ती इथेच थांबते. वळू हलणारे शुक्राणू देतो, म्हणून पास. पण शुक्राणू पोहतो म्हणजे तो धड आहे असे नाही. त्यासाठी पुढची पायरी लागते ती घडण तपासण्याची. रेताचा एक छोटा थेंब इओसिन आणि निग्रोसिन या दोन रंगांत मिसळून काचेवर पातळ पसरवतात आणि लगेच वाळवतात. निग्रोसिनमुळे मागची पार्श्वभूमी काळसर होते. जिवंत शुक्राणूचे आवरण रंगाला आत येऊ देत नाही, म्हणून तो पांढरा राहतो. मेलेल्यात इओसिन शिरतो आणि तो गुलाबी दिसतो. मग तेलाच्या भिंगाखाली हजार पट मोठे करून किमान शंभर शुक्राणू एकेक करून तपासायचे. प्रत्येकाचे डोके, मान, मधला भाग आणि शेपटी पाहायची आणि बिघाड असेल तर त्याची नोंद करायची. एका शुक्राणूची लांबी साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. त्याचे डोके त्यातले जेमतेम नऊ मायक्रॉन. त्या नऊ मायक्रॉनमध्ये पुढच्या वासराचे अर्धे बीज बसलेले असते.

अमेरिकी निकषानुसार शंभरातले किमान सत्तर शुक्राणू निर्दोष घडणीचे हवेत आणि किमान तीस टक्के सरळ पोहणारे हवेत. पेरणीपूर्वी गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून सत्तर उगवतात का, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याला यातले तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. वीर्यकेंद्रातली गाळणी याहून कडक असते. ताज्या रेतात किमान सत्तर टक्के शुक्राणू पुढे पोहणारे हवेत आणि विकृतींचे प्रमाण सर्वसाधारणपणे वीस टक्क्यांच्या आत अपेक्षित असते.

डागचा वारसा

शुक्राणूंच्या बिघाडांची ही यादी एका दिवसात तयार झालेली नाही. डच लेन्सकार लेवेनहुक याने शुक्राणू प्रथम पाहिले ते १६७७ मध्ये. पण त्यांची घडण आणि वळूचे अपयश यांचा संबंध लावायला अडीचशे वर्षे जावी लागली. अमेरिकेत विल्यम्स आणि सॅवेज यांनी १९२५ मध्ये वळूंच्या शुक्राणूंच्या डोक्यांतले दोष आणि गाई न राहणे यांची सांगड घातली. स्वीडनमध्ये नील्स लागरलोफ यांनी १९३४ मध्ये कमी प्रजननक्षमतेच्या वळूंची वृषणे आणि शुक्राणू यांचा सविस्तर अभ्यास मांडला. आजची तपासणी त्या पायावर उभी आहे.

डेन्मार्कचे एरिक ब्लॉम यांनी पुढे या दोषांची मोठे आणि किरकोळ अशी वर्गवारी केली. त्यांनी १९६६ मध्ये वर्णन केलेला एक दोष पशुवैद्यकीच्या पुस्तकांत आजही एका वळूच्या नावाने ओळखला जातो. तो जर्सी जातीचा होता आणि त्याचे नाव होते डाग. त्याच्या शुक्राणूंच्या शेपट्या मधल्या भागापासून घट्ट वळलेल्या, तुटक्या धाग्यांच्या होत्या. बाहेरून धडधाकट असलेला हा वळू गाभ ठेवू शकत नव्हता. हा दोष वंशातून उतरतो असे पुढे दिसले. त्याआधी नेदरलँड्समध्ये टॉयनिसेन यांनी १९४६ मध्ये फ्रिजियन वळूंत शुक्राणूच्या टोपीला गाठ असलेला दोष नोंदवला होता. तोही आनुवंशिक. असा एक वळू कृत्रिम रेतनात शिरला तर त्याच्या मुली आणि नातवंडे तो दोष गावोगाव नेतात.

म्हणून शुक्राणू तपासताना 'किती वाईट' एवढेच पाहून भागत नाही, 'कसे वाईट' हेही पाहावे लागते. शेपटी वाकलेला किंवा गुंडाळलेला शुक्राणू बीजांडापर्यंत पोचतच नाही. अशा वळूच्या रेतात चांगल्या शुक्राणूंची संख्या वाढवली तर तूट बऱ्याच अंशी भरून निघते. डोक्यात खड्डे पडलेल्या काही शुक्राणूंचे मात्र तसे नसते. डोके निमुळते झालेले नाही, शेपटी शाबूत आहे, पण केंद्रकात पोकळ्या आहेत, असा शुक्राणू पोहत बीजांडापर्यंत पोचतो आणि आतही शिरतो. एकदा तो शिरला की बीजांड दुसऱ्या कोणालाही आत घेत नाही. मग तयार झालेला गर्भ काही दिवसांत मरतो. गाय उलटते, कधी ठरलेल्या एकवीस दिवसांनी, कधी लांबलेल्या अंतराने. इथे रेताची मात्रा कितीही वाढवली तरी उपयोग नाही. गाईला दिलेली औषधेही वाया.

तपासणाऱ्याच्या हातातही बरेच असते. थंड काचेवर रेत घेतले, मूत्र मिसळले किंवा रंगद्रव्य जुने आणि पातळ झालेले असले की धडधाकट शेपट्याही वाकतात. अनेक आठवडे न वापरलेल्या वळूच्या पहिल्या रेतात साठलेले, मेलेले, डोके तुटलेले शुक्राणू भरपूर निघतात. एका काचेवरून वळूला बाद ठरवणारा तपासनीस तितकाच चूक असतो, जितका न तपासता वळू सोडणारा मालक. दुसरा नमुना घ्यावा लागतो.

उन्हाळा, ताप आणि सरकी पेंड

निकालाचे तीन प्रकार असतात: समाधानकारक, असमाधानकारक आणि 'निर्णय राखून'. या तिसऱ्या प्रकारामागे शरीराचे एक गणित आहे. वळूच्या वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात, त्यानंतर तो पक्व होत बाहेर यायला आणखी दहा-एक दिवस. म्हणजे आज काचेवर दिसणारा शुक्राणू दोन-अडीच महिन्यांपूर्वी घडायला सुरुवात झालेला असतो. आजच्या काचेवरून तेव्हा वळूचे काय झाले होते ते कळते. म्हणून शंकास्पद वळूला सरळ बाद न करता साठ दिवसांनी पुन्हा तपासतात.

वळूला काय झाले असेल? पहिला संशय उष्णतेवर. अंडकोष शरीराबाहेर लोंबतो तो विनाकारण नाही. वृषणाचे तापमान शरीरापेक्षा दोन ते सहा अंशांनी कमी राहिले तरच शुक्राणू नीट घडतात. प्रयोगात वळूच्या अंडकोषाभोवती दोन दिवस ऊब कोंडणारे वेष्टण बांधले, तेव्हा पुढच्या काही आठवड्यांत दोषांचे ताफे एकामागून एक बाहेर पडले. विदर्भाच्या वैशाखात सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर बसणारा होल्स्टिन संकर वळू आणि दारात निवांत उभा असलेला देवणी यांच्या रेतात फरक पडतो तो यामुळे. उन्हाळ्यात वापरलेल्या वळूचा दोष पावसाळ्यात उलटणाऱ्या गाईंवर फुटतो, आणि तोपर्यंत उन्हाळा कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

ताप हेही तसेच. लाळ्या-खुरकूत किंवा २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरलेला लम्पी त्वचा रोग यांत वळूला जोराचा ताप येतो. जनावर बरे झालेले दिसते, चारा खाते, पण त्याचे रेत पुढचे दोन-तीन महिने बिघडलेले असू शकते. लम्पीचा विषाणू तर रेतातूनही बाहेर पडतो. बरा झालेला वळू लगेच गाईवर सोडणे हे दुहेरी धोक्याचे आहे.

महाराष्ट्राच्या गोठ्यात आणखी एक संशयास्पद वस्तू असते, ती सरकी पेंड. दुभत्या जनावरांना ती पोषक. पण कापसाच्या सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, आणि वळूला ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात मिळाले तर शुक्राणूच्या मधल्या भागात, जिथे त्याची ऊर्जा तयार होते, बिघाड दिसू लागतो. पेंड कमी केली की काही आठवड्यांत सुधारणा होते. दूध वाढवणाऱ्या पेंडीचा सगळा वाटा वळूच्या पुढे टाकणाऱ्या मालकाचा हेतू चांगलाच असतो. त्याला हे कोणी सांगायला हवे.

अति लठ्ठपणा, अंडकोषाला झालेली जखम, तिथे चिकटलेल्या गोचिड्या, वयाने कोवळा असतानाच जास्त वापर ही कारणेही नेहमीची. नुकत्याच वयात आलेल्या खोंडाच्या शुक्राणूंच्या मानेजवळ पेशीद्रवाचा थेंब लटकलेला दिसतो. तो अपक्वतेची खूण आहे. अशा खोंडाला काही महिने थांबू दिले की बहुधा तो निकषात बसतो. घाई केली तर गाईही वाया जातात आणि वळूचे नावही.

उरुळी कांचनपासून परळपर्यंत

महाराष्ट्रात ही तपासणी रोजच्या कामाचा भाग बनली ती गोठित रेताच्या केंद्रांमुळे. गांधीजी १९४६ मध्ये निसर्गोपचारासाठी उरुळी कांचनला आले आणि आपल्या मागे मणिभाई देसाई यांना तिथे ठेवून गेले. मणिभाईंनी आधी गीर गाईंच्या पैदाशीचे काम केले आणि १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी केली. परदेशी वळूंच्या रेतापासून संकरित गाई तयार करायच्या आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत न्यायचे, हे त्यांचे सूत्र. त्यासाठी मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शासनाच्या बाजूने २००२ मध्ये महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ आले. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याच्या गोठित रेत प्रयोगशाळा आहेत.

अशा केंद्रातल्या एका वळूची जबाबदारी किती मोठी असते, ते आकड्यांत पाहावे. एका वेळचे सहा मिलिलिटर रेत आणि मिलिलिटरमागे शंभर कोटी शुक्राणू धरले तर सहाशे कोटी झाले. भारतात एका रेतमात्रेत दोन कोटी शुक्राणू भरण्याचे मानक आहे. म्हणजे एका सकाळच्या रेतातून तीनशे मात्रा निघतात. आठवड्यातून दोनदा रेत घेतले की वर्षाला हजारो गाई त्या एका वळूवर अवलंबून राहतात. गावच्या वळूचा दोष एका वस्तीत राहतो, केंद्रातल्या वळूचा दोष जिल्हे ओलांडतो. म्हणून केंद्रात वळू घेताना क्षयरोग, सांसर्गिक गर्भपात, आयबीआर अशा रोगांच्या चाचण्या होतात. रेत काढल्यावर घडण आणि हालचाल पाहिली जाते. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून पुन्हा वितळवल्यावर किमान पन्नास टक्के शुक्राणू पुढे पोहणारे राहिले नाहीत तर तो सगळा साठा फेकून दिला जातो. या गाळणीतून संकरित वळू मोठ्या संख्येने गळतात, हा देशभरातल्या केंद्रांचा अनुभव आहे.

लिंगनिर्धारित रेत आल्यापासून ही तपासणी आणखी महत्त्वाची झाली आहे. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला चितळे समूहाने परदेशी कंपनीच्या भागीदारीत असे रेत तयार करायला सुरुवात केली. नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी देणाऱ्या या मात्रेत वीस ते चाळीस लाखच शुक्राणू असतात, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नाहीत. तिथे नासक्या शुक्राणूंची भरपाई संख्येने करायला जागाच उरत नाही.

मुंबईतल्या पशुपालकाला या ज्ञानासाठी उरुळीपर्यंत जायची गरज नाही. परळला, दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या 'बैलघोडा हॉस्पिटल'च्या आवारात, १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे प्रजनन हा स्वतंत्र विभाग आहे. पशुवैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पदवी घेताना रेताचा थेंब काचेवर पसरायला आणि शुक्राणू मोजायला शिकवले जाते. सूक्ष्मदर्शक, दोन रंगद्रव्ये, काचपट्ट्या आणि एक तास एवढ्यात ही तपासणी होते. खरी अडचण एवढीच की ती मागणारा माणूस फार क्वचित भेटतो.

कृषी प्रदर्शनांत दीड टनाच्या रेड्याभोवती फोटोसाठी गर्दी होते. त्याच्या मालकाला त्याचे वजन, रोजचे दूध आणि बदाम किती, मालिशचा खर्च किती, हे विचारले जाते. त्या प्रश्नांच्या यादीत आणखी एक प्रश्न बसायला हवा: याच्या रेताचा अहवाल कुठे आहे? तो अहवाल दाखवता येत नसेल तर त्या रेड्याला सेवेसाठी पैसे देऊ नयेत.

गावाने सामायिक वळू ठेवला असेल, देवस्थानाने वळू सोडला असेल किंवा तबेल्यात दहा-वीस म्हशींमागे एक रेडा बांधला असेल, तर हंगामापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी, आणि मोठा ताप किंवा कडक उन्हाळा होऊन गेल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा. कृत्रिम रेतन करून घेताना रेतकांडीवर छापलेला वळूचा क्रमांक, जात, केंद्राचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. एकाच क्रमांकाच्या रेतावर दोन-तीन गाई उलटल्या तर ती वही घेऊन पशुवैद्यकाकडे जावे. दुसऱ्यांदा उलटलेल्या गाई-म्हशीला बाजार दाखवण्याआधी तिच्यावर सोडलेल्या वळूच्या शंभर शुक्राणूंचा हिशेब मागावा. दुसऱ्या नमुन्यातही निर्दोष शुक्राणू सत्तरपेक्षा कमी निघाले, तर गोठ्यातून आधी वळू हलवावा, म्हैस नाही.